हिप्परगा तलावात काठाला वेगळे जीव, मध्ये वेगळे, मग सॅम्पल कुठलं धरायचं?

झू_सोलापूर: एमएस्सी झूऑलॉजीच्या प्रोजेक्टला हिप्परग्याचं झूप्लँक्टन (पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी) घेतलंय. काठाच्या पाणगवतात लेकेन, कायडोरस, ऑस्ट्रॅकॉड असं बरंच काय काय निघतंय आणि होडीतनं मध्ये जाऊन जाळी ओढली की ब्रॅकिओनस, केराटेला, डायाप्टोमस एवढंच, जाती कमी पण आकडा मोठा. मैत्रीण म्हणते सगळं एका बाटलीत ओतून सरासरी काढू. चालेल का? आणि मध्ये दुपारी वरच्या थरात जवळजवळ काहीच मिळत नाही, ते का?

तळ्याकाठी: अजिबात एकत्र करू नको! तसली सरासरी तलावात कुठंच नसते. गवताच्या देठापानांवर शेवाळाचा थर असतो, लपायला जागा असते, म्हणून तिथं जाती जास्त. कायडोरस जिवंत बघ एकदा, शिंपल्यासारखा गोल, पानाला धरून पायांनी शेवाळ खरवडत सरकतो, त्याला उघड्या पाण्यात काय मिळणार? डायाप्टोमस मात्र लांब अँटेना पसरून तरंगत तरंगती शेवाळं खातो, त्याचं घरच ते. काठ, मध्य, तळाजवळ, तिन्हीच्या बाटल्या वेगळ्या आणि लेबलवर वेळ लिही.

पाणीवाला: दुपारचं म्हणशील तर माशांना दिसू नये म्हणून बरेच जण उजेडात खाली जातात आणि अंधार पडला की वर येतात, त्यामुळं सगळीकडं एकाच वेळेला घ्यायचं नाहीतर जागेचा फरक की वेळेचा हेच कळणार नाही. जाळी ५०-६० मायक्रॉनची आहे ना? जास्त मोठ्या भोकांतनं रोटिफर (लेकेन, ब्रॅकिओनस, केराटेला असले अगदी बारीक जीव) निसटतात. गवतात जाळी ओढायला जमत नाही, तिथं मापाच्या बादलीनं ५० लिटर पाणी जाळीतनं गाळ.

जुनी_विहीर: थोडं विषयाबाहेर. सायक्लॉप्स (पाण्यातलाच एक बारीक जीव) सापडला तर नीट बघ पोरी, ह्याच्याच पोटातनं नारूचा जंत माणसात जायचा. पायऱ्यांच्या विहिरीत लोक उतरून पाणी भरायचे म्हणून तो पसरला आणि नुसतं फडक्यानं पाणी गाळून प्यायलं तरी थांबायचा. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. आमच्या पिढीला हा जीव भीतीनंच माहीत, तुम्ही तो मायक्रोस्कोपखाली आवडीनं बघताय ह्याचं फार बरं वाटतं.

झू_सोलापूर: काका, हे घरी आजीला वाचून दाखवलं, तिला नारू आठवतो! अजून एक, फॉर्मॅलिनमध्ये काही रोटिफर गोळा होऊन बसतात, ओळखूच येत नाहीत.

तळ्याकाठी: ते बडेलॉइड (रोटिफरचाच एक गट) असणार, आक्रसतात. थोडं पाणी जिवंतच आण, त्याच दिवशी बघ, मोबाईलनं व्हिडिओ काढ. बाकीचं ४ टक्के फॉर्मॅलिनमध्ये, त्यात साखर विरघळव, म्हणजे डॅफ्निया-मोइना असल्या पाणपिसवांचं कवच फुगत नाही आणि अंडी बाहेर पडत नाहीत.