मेंटेनन्स: चेक बंद करायचा का?

सेक्रेटरी: नमस्कार 🙏 पुढच्या तिमाहीपासून मेंटेनन्स फक्त यूपीआय किंवा नेटबँकिंगने घ्यावा, चेक बंद करावा असा कमिटीचा विचार आहे. हरकत असेल तर रविवारपर्यंत इथेच कळवा.

ए-१०२ काका: हरकत आहे. चेकने कुणाचं काय बिघडवलं?

बी-३०४: काका, चेक वटायला दोन दिवस, यूपीआय दोन सेकंद 😄

ए-१०२ काका: अहो, ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत क्लिअरिंगला जातात. सकाळी भरला की संध्याकाळपर्यंत निकाल. रिझर्व्ह बँकेनेच केलंय.

बी-३०४: पहिल्या काही दिवसांत किती जणांचे चेक अडकले होते तेही सांगा ना.

खजिनदार: वेगाचं सोडा हो. दोन सेकंदांत आले काय नि दोन दिवसांत आले काय, सोसायटीला काय फरक? माझं दुखणं वेगळं आहे. स्टेटमेंटमध्ये एकाच रकमेच्या ओळीच्या ओळी येतात. नाव कधी मुलाचं, कधी सुनेचं, कधी भाडेकरूचं, एकदा तर कुणाच्या तरी दुकानाचं. फ्लॅट कुठला ते मी ओळखायचं! चेकच्या मागे निदान नंबर लिहिलेला असतो. मेळ घालण्यात अख्खा रविवार जातो, आणि पावती उशिरा मिळाली की बोलणी मलाच.

सी-२०१: मग तुम्हीच तुमच्या ॲपवरून आम्हाला रिक्वेस्ट पाठवा, आम्ही पिन टाकतो.

खजिनदार: एका माणसाने दुसऱ्याकडे अशी रिक्वेस्ट पाठवायची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. फसवणूक फार होत होती त्यातून. आणि लक्षात ठेवा, पैसे यायला पिन लागत नाही. कुणी मागितला तर सरळ फोन ठेवा.

बी-३०१ मावशी: बरं, गेटवर चिकटवलेला क्यूआर कुणाचा? स्कॅन केलं की भलतंच नाव येतं.

सेक्रेटरी: तो गणपतीच्या वर्गणीचा. काढायचा राहिला.

बी-३०१ मावशी: म्हणजे कुणाच्या तरी खाजगी खात्याचा! आधी तो फाडा, मग बाकीच्या सुधारणा.

सी-५०१ (दुबई): माझं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं) खातं, मोबाइल नंबर इथला दुबईचा. यूपीआय चालेल का?

बी-३०४: चालायला हवं. यूएईच्या नंबरांना २०२३ मध्येच परवानगी मिळालीय. तुमच्या बँकेत सोय सुरू आहे का तेवढं विचारून घ्या.

ए-००४ आजी: मी बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन दिलंय. दर पाच तारखेला आपोआप जातात. मला त्या फोनच्या भानगडीत पाडू नका.

खजिनदार: आजी, तुमची नोंद सगळ्यात चोख असते 🙏

बी-३०४: आजी, यूपीआय सर्कल बघा. मुलाने मर्यादा ठरवून दिली की त्याच्या खात्यातून तुम्ही पैसे देऊ शकता. महिन्याला १५ हजारांपर्यंत.

ए-००४ आजी: भाजी घेतली की त्याला मेसेज जाणार? नको रे बाबा.

सेक्रेटरी: बरं, 'चेक बंद' ही ओळ काढतो. कसेही भरा, पण फ्लॅट नंबर आणि तिमाही लिहा. यूपीआयला शेऱ्याची जागा असते, ती रिकामी सोडू नका. सोसायटीच्या नावाचा क्यूआर बँकेकडून घेतोय. स्कॅन केल्यावर सोसायटीचं नाव दिसलं तरच पैसे पाठवा.

खजिनदार: ज्यांचे या तिमाहीचे पैसे नंबराशिवाय आलेत त्यांनी मला वेगळा मेसेज करा. इथे स्क्रीनशॉट टाकू नका, त्यात तुमच्या खात्याचे तपशील दिसतात.