पानातला भुंगेरा आणि कडुलिंबाचा पाला

घरी ठेवलेल्या तंबाखूच्या पानांच्या जुड्यांत भुंगेरा झालाय, काय करू, असं तुम्ही विचारलंत. त्यावर कडुलिंबाचा पाला सुचवलाय दोघातिघांनी. ठेवायला हरकत नाही, पण पानात शिरलेली अळी त्याने मरत नाही. तांबूस-तपकिरी, २-३ मिलिमीटरचा, डोकं खाली वाकलेलं, हात लावला की मेल्याचं सोंग घेणारा, असं तुमचं वर्णन आहे. म्हणजे सिगारेट बीटल, तंबाखूचा भुंगेराच. नाव असलं तरी स्वारी फक्त तंबाखूवर थांबत नाही. हळद, मिरची, धणे सगळं चालतं. तेव्हा जुड्या मसाल्याच्या डब्यांजवळ नकोत.

घरच्या थोडक्या मालाला खात्रीचा इलाज डीप फ्रीजर. पानं आधी किंचित मऊ होऊ द्या, कुरकुरीत असताना हाताळलीत तर नुसता चुरा हाती येईल. जाड पिशवीत हवा काढून बंद करायची आणि उणे १८ अंशांवर चांगला आठवडाभर ठेवायची. जुन्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यावर विसंबू नका, तो बहुधा तेवढा गार होत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर गार पानांवर पाणी धरतं. मग किडा गेला आणि बुरशी आली!

साठवण घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत. पातळ प्लास्टिक हा किडा सरळ पोखरतो.

आणि धान्यात टाकतात त्या विषारी गोळ्यांचं नावही काढू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. राहत्या घरात त्याने माणसं दगावली आहेत.