शब्दचर्चा: ‘शमीझ’ ती आणि ‘शमीझिए’ तो?

प्रश्न: फ्रेंच नुकतंच शिकायला लागले आहे. कपड्यांच्या धड्यात अडकले. ‘शमीझ’ म्हणजे शर्ट, बहुतेकदा पुरुषांचा, तरी स्त्रीलिंगी. ‘शमीझिए’ हा बायकांचा शर्टासारखा ब्लाऊज, तो मात्र पुल्लिंगी! लक्षात कसं ठेवायचं?

उत्तर: लिंग शब्दाचं असतं, कपडा घालणाऱ्याचं नाही. आपल्याकडे पुरुषाची लुंगी ‘ती’, धोतर ‘ते’ आणि बाईचा परकर ‘तो’. हे आपल्याला कोणी पाठ करायला लावलं नाही. ‘जुनं धोतर’, ‘मळका परकर’ असंच कानावर पडत आलं. तुम्हीही सुटा शब्द घोकू नका, रंगासकट म्हणा: ‘यून शमीझ ब्लाँश’ (एक पांढरा शर्ट), ‘अँ पाँतालों ब्लाँ’ (एक पांढरी पँट). पांढरी साडी, पांढरा सदरा, अगदी तसंच. ‘-इए’ने संपणारी नामं बहुतेक पुल्लिंगी असतात, तेवढा आधार ‘शमीझिए’ला पुरेल.

आणि एक गंमत बघा. आपण लाल साडी, लाल सदरा म्हणतो, ‘लाल’ बदलत नाही. फ्रेंचमध्ये तपकिरीसाठी ‘मारों’ आहे, मूळ अर्थ चेस्टनट हे फळ. रंग फळावरून आला म्हणून तो लिंगानुसार बदलत नाही, अनेकवचनातही नाही. ‘ओरांझ’चंही तेच.

‘शमीझ’ तर आपल्या नात्यातलाच शब्द आहे. उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘कामिसिया’पासून फ्रेंच ‘शमीझ’ झाला आणि त्याच शब्दापासून अरबी ‘कमीस’. जुन्या माणसांच्या तोंडी असलेला खमीस तिथूनच आला. मला हे कळलं त्या दिवसापासून तो शब्द परका वाटलाच नाही. फ्रेंच कार्यालयात मात्र कोणी ‘शमीझ’ मागितली तर शर्ट काढू नका, कागद ठेवायच्या पुठ्ठ्याच्या फोल्डरलाही तोच शब्द आहे.

प्रश्न: मग ‘व्हेस्त’ म्हणजे बनियन ना?

उत्तर: नाही हो, तिथे मी स्वतः फसले आहे. पॅरिसच्या एका दुकानात बनियन हवा म्हणून ‘व्हेस्त’ मागितलं, तर बाईंनी एकामागून एक जाकिटं काढून समोर ठेवली. ‘व्हेस्त’ म्हणजे जाकीट. बिनबाह्यांच्या बनियनसारख्या कपड्याला ‘देबार्दर’ म्हणतात. हा शब्द मुळात माल उतरवणाऱ्या हमालाचा. ओझी उचलताना दंड मोकळे हवेत म्हणून ते तसा कपडा घालत, आणि माणसाचं नाव कपड्याला लागलं.