गेस्टचा हायपरकॉल माझ्या प्रोग्रामपर्यंत येतच नाहीये (केव्हीएम, एक्स८६)

टोपी_उडाली:
मंडळी, शिकायला म्हणून केव्हीएमवर (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीनची सोय) सी मध्ये छोटासा व्हीएमएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) लिहितोय, क्यूईएमयू वगैरे तयार काही नाही, थेट आयओसीटीएल (कर्नलला कॉल). लाँग मोडपर्यंत (६४ बिट) गाडी आलीये, सिरियलवर अक्षरं पण उमटतायत. आता गेस्टमधून (आत चालणाऱ्या मशीनमधून) मला माझे स्वतःचे कॉल हवेत, "ही फाइल वाच", "वेळ सांग" असले. म्हणून आरएएक्स रजिस्टरमध्ये ५०० टाकून व्हीएमकॉल (हायपरकॉलची, म्हणजे गेस्टने बाहेर हाक मारायची इन्स्ट्रक्शन) मारला, बाहेर लूपमध्ये केव्हीएम एक्झिट हायपरकॉलची (हायपरकॉलमुळे गेस्ट थांबून माझ्या प्रोग्रामकडे आला, असं सांगणारी) केस लिहून ठेवली, पण ती केस कधी लागतच नाही. गेस्ट आपला मजेत पुढे जातो आणि आरएएक्समध्ये उणे १००० येतं. दोन रात्री गेल्या यात.

खटपट्या:
कॉल पोचतोय रे, फक्त तुझ्या दारापर्यंत येत नाहीये. व्हीएमकॉल झाला की कर्नलमधलं केव्हीएमच तो उचलतं, नंबर बघतं, ओळखीचा असेल (झोपलेल्या व्हीसीपीयूला, म्हणजे गेस्टच्या सीपीयूला, उठवणं, आयपीआय म्हणजे एका सीपीयूकडून दुसऱ्याला इंटरप्ट पाठवणं असले मोजकेच आहेत) तर तिथल्या तिथे उरकतं, नाहीतर ईनोसिस ('असा कॉलच नाही' ही एरर) देऊन परत पाठवतं. केव्हीएमचा ईनोसिस म्हणजेच तुझे १०००. एफट्रेसमध्ये (कर्नलचं ट्रेसिंग) केव्हीएम हायपरकॉलचा इव्हेंट चालू करून बघ, तुझे ५०० तिथे दिसतील. आणि उद्या गेस्टच्या रिंग ३ मधून (साध्या प्रोग्रामच्या पातळीवरून) मारलास तर उणे १ (परवानगी नाही) येईल, तेव्हा परत दोन रात्री घालवू नकोस 😄

ती एक्झिट तर कित्येक वर्षं नुसती नावाला होती, डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलं होतं की असं काही हवं असेल तर आयओ एक्झिट (गेस्टने पोर्टला हात लावला की येणारी) वापरा. कर्नल ५.१४ मध्ये ती परत कामाला लागली, पण ती फक्त १२ नंबरसाठी, म्हणजे एन्क्रिप्टेड गेस्ट आपली कुठली पानं शेअर्ड आहेत ते सांगतो तो कॉल. तोही आधी कॅपॅबिलिटी चालू केलीस तरच येतो, आणि मास्कमध्ये (कुठले कॉल हवेत ते सांगणारे बिट) दुसरा कुठला बिट टाकलास तर ईइनव्हॅल (चुकीची किंमत) एरर.

रात्रपाळी:
कर्नलमध्ये चार ओळी घाल ना, ५०० आला की एक्झिट. मी केलंय, चालतं.

खटपट्या:
चालतं हो, पण दर कर्नल अपडेटला तो पॅच कडेवर घेऊन फिरायचं कोणी? शिवाय दुसऱ्याच्या मशीनवर चालणार नाही ते वेगळंच. आर्मवाल्यांना ६.४ पासून फिल्टर मिळालाय, ठरावीक एचव्हीसी (आर्मचे हायपरकॉल) कॉल सरळ यूजरस्पेसला वळवता येतात, एक्स८६ वर तसली सोय नाही.

टोपी, तू आऊट (पोर्टवर लिहिणारी) इन्स्ट्रक्शन वापर. एक मोकळा पोर्ट धर, गेस्टच्या मेमरीत स्ट्रक्ट भर (नंबर, आर्ग्युमेंट, उत्तराची जागा), त्याचा फिजिकल पत्ता ईएएक्समधून पाठव. पत्ता ३२ बिटच जातो, म्हणून स्ट्रक्ट ४ जीबीच्या खाली ठेव. एमएमआयओपेक्षा (मेमरीच्या पत्त्यावरून होणारं आयओ) हे बरंच फास्ट आहे. फक्त स्ट्रक्ट आधी आपल्याकडे कॉपी कर आणि मगच तपास. तू लांबी तपासून होईपर्यंत दुसरा व्हीसीपीयू ती बदलू शकतो. आणि पत्ता अधिक लांबी अशी बेरीज करून तपासू नकोस, ओव्हरफ्लो होऊन शून्यावर आली की चेक पास. लांबी आधी रॅमच्या साइजशी ताड, मग पत्ता साइज वजा लांबीशी.

टोपी_उडाली:
झालं दादा!! वीस मिनिटांत. पण आता नवीनच भानगड, फाइलमध्ये लिहायचा कॉल आला की मी तो उरकून तिथेच रजिस्टर वाचून स्नॅपशॉट घेतो, आणि तो रिस्टोर केला की तीच ओळ फाइलमध्ये दुसऱ्यांदा येते.

खटपट्या:
येणारच. एक्झिट तुझ्या हातात येते तेव्हा आरआयपी (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता धरणारं रजिस्टर) अजून त्या आऊटवरच उभा असतो, पुढच्या केव्हीएम रनला तो पुढे सरकतो. म्हणून स्नॅपशॉटच्या आधी केव्हीएम रन स्ट्रक्टमधलं इमिजिएट एक्झिट १ कर आणि एकदा रन मार, अर्धवट आऊट पूर्ण होईल, गेस्टची एकही पुढची इन्स्ट्रक्शन चालणार नाही आणि ईइंटर ('मध्येच थांबवलं' हा कोड) घेऊन परत येशील. त्या ईइंटरला एरर समजून प्रोग्राम बंद करू नकोस. मग रजिस्टर वाच.

टोपी_उडाली:
एरर समजून बंदच करत होतो 🙈 काढलं ते. आता एकदाच येतेय ओळ.