फँटम रेंजरला ब्लेडस्टॉर्म द्यावं का? मदत हवी आहे

एक्सकॉम २ हा कॉम्प्युटर गेम, कमांडर डिफिकल्टी, आयर्नमॅन (म्हणजे एकच सेव्ह, चाल मागे घेता येत नाही). 'वॉर ऑफ द चोझन' हे एक्स्पान्शन नाही, म्हणजे दर रँकला दोनातलं एकच स्किल. नागपूरच्या उन्हात लॅपटॉप आधीच तापतोय, त्यामुळे मॉड सुचवू नका भाऊ.

माझी रेंजर (जवळून लढणारी तलवारवाली सैनिक) फँटमवाली, म्हणजे बाकीचा स्क्वॉड दिसला तरी ती लपलेलीच राहते. ती लपून पुढचं टिपते, मागून शार्पशूटर स्क्वॉडसाइटने (साथीदाराला दिसणाऱ्यावर लांबून नेम) उडवतो. ही जोडी जबरदस्त आहे. आता ती कॅप्टन झाली. इम्प्लॅकेबल घेतलं तर शत्रू मारल्यावर एक जादा चाल, आडोशाला परतता येतं. ब्लेडस्टॉर्म घेतलं तर जवळ येणाऱ्यावर तलवार आपोआप चालते. मागच्या डावात ते ब्लेडमास्टरवालीला (तलवारीचं स्किल घेतलेल्या रेंजरला) दिलं होतं, अंगावर धावून येणाऱ्या क्रिसालिड एलियन्सपुढे फार कामी आलं.

नंतर स्किल बदलायला रीट्रेनिंगमध्ये तिला अडकवायचं नाही. लपलेली असताना शत्रू शेजारून गेला तर ब्लेडस्टॉर्म सुटून ती उघडी पडते का?