छोट्या विमानतळांवर धोका कळवायला सॉफ्टवेअर हवं की वही पुरे?

वाटसरू : एका छोट्या विमानतळावर दोन वर्षं कंत्राटी कामाला होतो. ओढ्याच्या बाजूला कुंपणाला भगदाड होतं, माणूस वाकून जाईल एवढं. तिथून कुत्री आत येत. सगळ्यांना माहीत, पण कागदावर कुठंच नाही. कारण कळवायचं म्हणजे इंग्रजीतला चार पानी फॉर्म, तोही साहेबांच्या टेबलावरून जाणार. दिवसाला दोन विमानं उतरतात तिथे लाखोंचं सॉफ्टवेअर कशाला? एक वही, व्हॉट्सॲपचा एक नंबर, मराठीत दोन ओळी आणि फोटो. झालं काम.

टिटवी : असहमत. वहीतलं अक्षर ओळखू येतं, व्हॉट्सॲपवर तर नंबरच दिसतो. रात्रपाळीला तीन माणसं असताना 'साडेतीनला रनवेवर कुत्रं' एवढं लिहिलं तरी कुणी लिहिलं ते चहावाल्यालाही कळेल. ज्याचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय तो फेब्रुवारीत कशाला लिहील?

जुना रडार : टिटवीताईंशी सहमत. १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान, किती खाली यायचं याच्या गैरसमजातून, वॉशिंग्टनजवळ डोंगरावर आदळलं, ९२ माणसं गेली. जेमतेम दीड महिना आधी युनायटेड या दुसऱ्या कंपनीचं एक विमान तिथेच, तशाच गैरसमजातून थोडक्यात वाचलं होतं. युनायटेडनं आपल्या वैमानिकांना सावध केलं, टीडब्ल्यूएपर्यंत ते पोचलंच नाही. पुढे १९७६ मध्ये असे रिपोर्ट घ्यायचं काम नासाकडे गेलं, कारण नासा कुणाचं लायसन्स काढून घेऊ शकत नाही. नाव खोडून मगच माहिती पुढे जाते. आपल्याकडे जळगाव, नांदेड, कोल्हापूर, गोंदिया अशांनी मिळून बाहेरचा एक माणूस नेमावा. पगार वाटून घेतला की खर्च तो किती!

वाटसरू : कुठे नासा, कुठे आमचा ओढा! तुमचा माणूस नावं खोडत बसेल तोवर कुत्रं धावपट्टी ओलांडून गेलेलं असेल.

टिटवी : अहो, कुत्र्यासाठी वॉकीटॉकी आहे, टॉवरला तिथल्या तिथे सांगा. कळवायचंय ते भगदाड. या दोन्हींची गल्लत करू नका.

सांडगे मिरची : आणि कळवून पुढे काय? विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरं कापायला, कचरा टाकायला मनाई आहे, १९३७ च्या विमान नियमांतला ९१ वा नियम. तरी आमच्याकडे उकिरड्यावर घारी घिरट्या घालतात. उकिरडा हलवायचा नगरपालिकेनं, रिपोर्ट पडून राहणार विमानतळावर. दोनदा लिहून उत्तर आलं नाही की तिसऱ्यांदा कोण लिहितो? वही ठेवा नाहीतर माणूस नेमा, पण 'काय केलं' हा रकाना हवा आणि तो भिंतीवर सगळ्यांना दिसेल असा लावा.

वाटसरू : रकान्याचं पटलं. बाहेरच्या माणसाचं अजून नाही.

जुना रडार : बरं, ते भगदाड बुजवलं का शेवटी?

वाटसरू : हो. मंत्री यायचे होते त्याच्या आदल्या दिवशी. बाभळीच्या फांद्या टाकून.