‘आता कुणाचा टर्न?’ : मेसेजवर लढाया खेळणाऱ्यांनो, अनुभव लिहा

भुईकोट:
फोटो काढून घ्यायचे म्हणून काल जुना फोन चार्जिंगला लावला, तर व्हॉट्सअ‍ॅपवरचा २०२० च्या लॉकडाऊनमधला आमचा ग्रुप सापडला. डी अँड डी, म्हणजे पात्रं घेऊन गोष्ट रचत फाशांवर खेळायचा खेळ, खेळायचो, सगळं टाइप करून. व्हिडिओ कॉल करावा अशी निवांत खोली कुणाच्याच घरात नव्हती. वरवर चाळलं तर निम्मे मेसेज एकच, "आता कुणाचा टर्न?"

पुलावर गॉब्लिनांशी मारामारी होती. नियमाप्रमाणे एक राउंड म्हणजे खेळातले ६ सेकंद. आमचे झाले ३ राउंड, म्हणजे सगळी लढाई १८ सेकंदांची. गणपतीत सुरू झालेली ही लढाई संपली तेव्हा घरोघरी चकल्या तळणं चालू होतं. इनिशिएटिव्हचा, म्हणजे लढाईत कुणाचा टर्न आधी त्याचा, नियम तसा सोपा, वीस बाजूंचा फासा अधिक डेक्स्टेरिटी (चपळाई), ज्याचा आकडा मोठा तो आधी. समोरासमोर बसलं की अडत नाही. इथं मात्र सगळ्यात चपळ पात्र, रोग (चोर), ज्याचं, तो नेमका बार्शीकडं शेतावर, रेंज नाही. मागचे सगळे हातावर हात धरून बसलेले.

तुम्ही हे कसं निभावलंत? बॉट, पत्ते, भांडणं, काहीही चालेल.

टॉवेलवाला:
आमच्यात एकाची कारखान्यात रात्रपाळी. तो झोपायचा तेव्हा आम्ही जागे, तो जागा तेव्हा आम्ही झोपलेले. शेवटी डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, क्रमच मोडला. शत्रूंचा सगळ्यांचा मिळून एकच आकडा, समजा १२. ज्यांचे १२ च्या वर आलेत त्यांनी आधी, आपसात कुठल्याही क्रमानं लिहायचं. मग सगळे शत्रू एकदम. त्यानंतर आपण सगळे एक गठ्ठा, पुन्हा शत्रू, पुन्हा आपण. ज्याला जेव्हा फोन मिळेल तेव्हा त्यानं मारावं. डीएम रात्री बसून सगळं एका पोस्टमध्ये गुंफायचा. लढाई लै जोरात पळाली बे.

हुरडाप्रेमी:
हे लुडोसारखं आहे का? लिंक द्या.

टॉवेलवाला:
@हुरडाप्रेमी लुडो नाही ओ काका. गोष्ट लिहायची आणि मधेमधे फासे टाकायचे.

मिष्टी_सोलापूर:
आमच्या डिस्कॉर्डवर (गप्पांचं अ‍ॅप) अव्रे नावाचा बॉट, म्हणजे आपोआप उत्तरं देणारा प्रोग्रॅम, होता. इनिट बिगिन, इनिट जॉइन केलं की यादी तोच लावायचा आणि इनिट नेक्स्ट म्हटलं की पुढच्याला टॅग करायचा. छानच सोय, पण माझा फोन कणीक मळताना ओट्यावर. आईनं चष्मा लावून वाचलं आणि थेट विचारलं, "हा अव्रे कोण गं? रात्री साडेअकराला तुझी पाळी आली म्हणून का सांगतो?" पिठाचे हात तसेच. समजावता समजावता भाकरी करपली. बाबा अजून विचारतात, अव्रे काय म्हणतोय.

भुईकोट:
😂😂 अव्रेंना आमचा नमस्कार सांगा

जुना_फासा:
तुम्ही लोक नव्या नियमांचे. आम्ही ईमेलवर एडी अँड डीची, म्हणजे जुन्या डी अँड डीची, दुसरी आवृत्ती खेळायचो. त्यात आधी सगळ्यांनी काय करणार ते सांगायचं, मग दहा बाजूंचा फासा, लहान आकडा आधी. दर राउंडला नव्यानं. टेबलावर पोरं कटकट करायची, ईमेलवर मात्र हीच पद्धत भारी बसली. प्रत्येकानं आपापला बेत डीएमला गुपचूप पाठवायचा, सगळ्यांचे आले की तो फासे टाकून एकदम निकाल लावणार. कोण कुणासाठी थांबलंय ही भानगडच नाही. एकदा दोघांनी एकाच दरवाज्यातून एकाच क्षणी घुसायचं लिहिलं. दोघं अडकले, मागून तेल ओतलं गेलं. त्या पायी त्यांचं महिनाभर बोलणं बंद होतं, खरंखुरं.

कडकभाकरी:
क्रमाचं सोडा, रिअ‍ॅक्शनचं, म्हणजे दुसऱ्याच्या टर्नमध्ये लगेच द्यायच्या उत्तराचं, काय? विझार्ड (जादूगार) खेळणारा झोपलेला. ऑर्क राक्षसाचा वार १७ चा आला, डीएमनं लिहिलं लागला, विझार्ड पडला. त्यावर क्लेरिकनं (पुजारी) धावत जाऊन बरं केलं, फायटरनं सूड म्हणून ऑर्कचं मुंडकं उडवलं, झक्कास वर्णन, आम्ही सगळ्यांनी हार्ट टाकले. सकाळी विझार्ड उठतो आणि म्हणतो, "शील्डचा मंत्र होता की माझ्याकडं." शील्डनं एसी, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा, ५ नं वाढतो, त्याचा १५ चा २० झाला, म्हणजे तो पडलाच नव्हता. सगळं रद्द. फायटर अजून धुसफुसतोय.

तेव्हापासून प्रत्येकानं आधीच लिहून ठेवायचं. ‘माझ्यावर १५ ते १९ बसला तर शील्ड, स्पेल स्लॉट (मंत्र वापरायची संधी) शेवटचा असेल तर नाही.’ डीएमच ते वापरतो, झोपलेल्याला उठवायचं नाही.

अक्कलकोट_रोड:
+१ आधी लिहून ठेवण्याला

आणि डिलेबद्दल कुणीच बोललं नाही. पाथफाइंडर या तशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत टर्न पुढं ढकलता येतो. डी अँड डीच्या पाचव्यात ती सोय नाही, फक्त रेडी (अमुक झालं की तमुक करीन, असं आधी ठरवणं) आहे आणि त्यात रिअ‍ॅक्शन जाते. मेसेजवर खेळताना डीएमनं डोळेझाक करून डिले द्यावा. माणूस दवाखान्यात रांगेत बसलाय, त्याला काय रेडी सांगता.

मिष्टी_सोलापूर:
कोण आहे दवाखान्यात? सगळं ठीक ना?

अक्कलकोट_रोड:
पप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं मागच्या आठवड्यात. आता बरे आहेत, टीव्ही मोठ्यानं लावतात, दिसत नव्हतं म्हणून लावायचे तसाच. माझा टर्न ग्रुपनं तेवढे दिवस धरून ठेवला, कुणी हूं की चूं केलं नाही.

मिष्टी_सोलापूर:
काळजी घ्या. थेंब वेळेवर घाला म्हणावं.

पार्कचौक_पॅलाडिन:
आमच्याकडं २४ तासांचा नियम. तेवढ्यात पोस्ट नाही तर डीएम तुमच्या वतीनं डॉज (वार चुकवणं) घेणार. मी तेव्हा पुण्याला अप-डाउन करायचो, हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी निघायचं, रात्री त्याच गाडीनं परत, डब्यात निम्मा वेळ नेट नाही. त्यामुळं माझ्या पॅलाडिन योद्ध्यानं अख्ख्या लढाईत फक्त डॉज केलं. डॉज केला की समोरच्याला तुमच्यावर दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो. बाकी सगळे शूरवीर आडवे, उभा राहिलो मी एकटा, तलवार म्यानातून काढलीच नाही. गावकऱ्यांनी खेळात माझा पुतळा उभारला.

टॉवेलवाला:
पुतळा पण वाकून चुकवतानाच असणार

पत्तेबाज:
सॅव्हेज वर्ल्ड्स हा दुसरा खेळ खेळा. क्रमासाठी फासा नाही, दर राउंडला प्रत्येकाला एक पत्ता. एक्का सगळ्यात वर, सारखा आला तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हा क्रम. जोकर आला तर कधीही घुसा, वर फाशांवर २ जास्त. आमचा डीएम पत्ते खरोखरचे वाटायचा, घरच्या चादरीवर मांडून फोटो टाकायचा. चादर नक्षीची, लाल-काळी. किलवरची सत्ती आहे की अठ्ठी यावर वाद, कारण एक पान मोरावर पडलेलं. झूम करून मोराचे पाय मोजायचो आम्ही.

कडकभाकरी:
पॉपकॉर्न कुणी केलंय का? ज्याचं झालं त्यानं पुढचा निवडायचा.

जुना_फासा:
केलंय. जो ऑनलाइन दिसेल त्यालाच बोलावतात, त्यामुळं वेग येतो. पण खोच लक्षात ठेवा. राउंडमधला शेवटचा जो, तोच पुढच्या राउंडचा पहिला निवडतो. तुम्ही मित्रामित्रांतच फिरवत राहिलात आणि राक्षस शेवटी ठेवले, तर ते स्वतःलाच निवडतात आणि लागोपाठ दोनदा हाणतात. पोरांना हे कळायला एक गडी गमवावा लागला.

हुरडाप्रेमी:
वाचतोय सगळं. इंटरेस्टिंग आहे. आम्ही रिटायर माणसं, वेळच वेळ आहे. घेता का?

टॉवेलवाला:
घेतो की काका! आमची लढाई चालूच आहे, विहिरीजवळ भुतं आलीत. वीस बाजूंचा फासा नसेल तर गूगलवर ‘रोल डी२०’ टाका, तिथं मिळतो.

हुरडाप्रेमी:
७ आला. वाईट का?

टॉवेलवाला:
वाईट काही नाही. भुतं १३ वर आहेत, तुम्ही त्यांच्यानंतर आमच्या गठ्ठ्यात. हातात काय घेणार, काठी का कुऱ्हाड?

हुरडाप्रेमी:
काठी. आणि भुतांनी आधी मारलं तर मी कुणाला सांगायचं?

मिष्टी_सोलापूर:
आधी काकांना कॅरॅक्टर शीट (पात्राच्या माहितीचा कागद) तरी द्या रे, एसी काय आहे त्यांचा?

टॉवेलवाला:
देतो देतो, नळाला पाणी आलंय, अर्ध्या तासात.